तलवारीचा राजा आणि शनिवारचं तेल

वडील गेल्यावर मी आईला नाशिकहून कॅनबेराला घेऊन आले. सहा महिन्यांसाठी, असं तिला सांगितलं होतं. मग परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. तिचा पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात ठेवला, हरवू नये म्हणून. मी सरकारी नोकरीत आहे. लोकांच्या हिताचे निर्णय त्यांना न विचारता घेण्याचा मला पगार मिळतो, आणि तेच काम मी घरी फुकट करते.

आईला परत जायचं होतं. पण ती तसं सरळ म्हणायची नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, पायऱ्या मांडून झाल्याशिवाय उत्तर लिहिणार नाही. "माझ्या दाराची किल्ली पर्समध्ये नुसतीच खुळखुळते गं," एवढंच म्हणायची. त्यावर माझं ठरलेलं, "तिसरा मजला, तुझे गुडघे, आणि सोसायटीची लिफ्ट बंद." लिफ्ट बंद होती हे खरं. ती सुरू होऊ नये असं मला वाटत होतं, हेही खरं.

कॅनबेराच्या गुंगालिन या उपनगरात आमच्या शेजारी चिलीहून तरुणपणी आलेली एक बाई राहते, आईच्याच वयाची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दोघींची कोथिंबीर एकाच रात्रीच्या गोठलेल्या दवाने जळाली आणि त्या दुःखात त्यांची मैत्री झाली. एका रविवारी तिने आम्हाला चहाला बोलावलं. मी दुभाषी म्हणून गेले, माझी पंधरा वर्षांची मुलगी बिस्किटांसाठी.

चहा झाल्यावर तिने पत्त्यांचा जोड काढला. स्पॅनिश पत्ते, चाळीसच. बदाम-इस्पिकऐवजी नाणी, पेले, तलवारी आणि सोटे. तिच्या आजीपासून घरात यावर भविष्य बघतात म्हणे. तिने आईपुढे जोड ठेवला आणि डाव्या हाताने कापायला सांगितलं.

"डाव्या हाताने?" आई मला म्हणाली. "नीट विचार तिला."

नीट विचारलं. डाव्याच. आईने मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागून पत्ते कापले आणि प्रश्न विचारला, "मी घरी कधी जाणार?"

तो इंग्रजीत सांगताना मला उगाचच ठसका लागला.

मधोमध तलवारीचा राजा आला. डोक्यावर मुकुट, अंगात पायघोळ झगा, हातात उभी नंगी तलवार. शेजारीण म्हणाली, "हा हुशार. कायद्याचा, अधिकाराचा माणूस, शब्दाला धार. मनाने वाईट नाही, पण आपलंच खरं करतो. हा वाटेत उभा आहे, आणि त्याला वाटतंय की तो पहारा देतोय."

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. आईने मान डोलावली आणि विचारलं, "उपाय काय?"

शेजारणीला प्रश्नच कळेना. उपाय? पत्ते दिसतं ते सांगतात, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आई थक्क झाली. अडचण सांगायची आणि तोडगा द्यायचा नाही, हे कसलं शास्त्र? आमच्याकडे साधा भटजीसुद्धा एवढा बेजबाबदार नसतो.

मी वेळ मारून नेण्यासाठी विचारलं, "यात राणी दिसत नाही?"

"राणी नसतेच," शेजारीण म्हणाली. "गुलाम, घोडेस्वार आणि राजा. साध्या बायका गुलामाच्या पत्त्यात येतात. हुकूम सोडणारी बाई असेल तर ती राजांतच शोधायची."

मी हसले. याचा आईच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता, म्हणून भाषांतर केलं नाही. माझी मुलगी मात्र बिस्कीट खायची थांबली होती.

घरी येऊन मी त्या राजाच्या मागे लागले. पत्त्यांवर माझा विश्वास नाही. पण कुणी दोषी सापडत असेल तर आपलं काय जातंय? व्हिसा ऑफिसमधला कुणी असेल? की विमानप्रवासाचं पत्र द्यायला कां-कू करणारा डॉक्टर? शेवटी मी नाशिकच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर शिक्कामोर्तब केलं. कायदा बोलतो, लिफ्ट दुरुस्त करत नाही, बायकोशिवाय कुणाला घाबरत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असेल हो. तुला जास्त कळतं."

त्याच आठवड्यात आई रुळायला लागली. शनिवारी सकाळी उडदाचे वडे केले. मग मला खाली बसवून, तेल कोमट करून डोक्यावर थापलं. पुढच्या शनिवारीही तेच. लहानपणी तिला माझ्या केसांना हात लावायची फुरसत नसायची, वह्या तपासायच्या असायच्या. आता तिची बोटं डोक्यातून फिरायची आणि माझे डोळे मिटायचे. शनिवारच का, असा प्रश्न मला पडला नाही. शनिवारी मला सुट्टी असते. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, रमली की नाही?"

चौथ्या शनिवारी मुलगी वडा खाता खाता म्हणाली, "मम, यू नो ना, आजी तुझी शनीची शांती करतेय?"

"काय?"

"उडीद, ऑईल, सॅटरडे. वाटेत उभा तो किंग म्हणजे आजीचा शनी. अँड यू आर द किंग."

"तो पुरुष आहे," मी म्हटलं.

"क्वीन नसते त्या डेकमध्ये. तू ट्रान्सलेट नाही केलंस. आय डिड, दॅट नाईट."

आधी मला संताप आला. मी हिच्यासाठी एवढं करते आणि ही मला साडेसाती समजते? सरळ मागितलं असतं तर नाही म्हटलं असतं का मी? मग आठवलं की तिने मागितलं होतं, दर आठवड्याला, किल्ली वाजवून. मला लाज वाटली. चार शनिवार मी ज्याला माया समजून डोकं पुढे करत होते, तो तोडगा होता.

मी खणातून पासपोर्ट काढला आणि तिच्या खोलीत जाऊन पलंगावर ठेवला.

"माझ्याशी बोलता येत नव्हतं तुला?"

"बोलून तुला काही पटलंय का आजवर?" आई म्हणाली. ती चिडली नव्हती, त्याचंच वाईट वाटलं. "ग्रह कडक असला तरी आपलाच असतो. त्याच्याशी भांडू नये. तेल घालावं."

"लिफ्ट अजून बंद आहे."

"दिवसातून एकदा चढेन. मध्ये बसेन. मला कुठे ऑफिस गाठायचंय?"

तिकीट मी त्याच दुपारी काढलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नो वरीज, राजे ऐकतात कधीकधी."

पुढचा सोडून त्यानंतरच्या गुरुवारचं विमान होतं. मधल्या शनिवारी मी उठून आले तर आई तेलाची वाटी घेऊन हॉलमध्ये बसलेली. हीटरसमोर माझ्यासाठी उशी टाकून ठेवलेली.

"आता कशाला?" मी म्हटलं. "काम झालं ना तुझं?"

"वडे केलेत का आज? नाही ना?" ती म्हणाली. "ते त्याचं होतं. हे तुझं. बस खाली, केस बघ काय झालेत."

मी बसले. तिची बोटं तीच होती, तेलही तेच. जाऊ नकोस, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड घट्ट मिटून बसून राहिले, आणि तिने सावकाश, सगळं तेल संपेपर्यंत, डोकं चोळून दिलं.