खंडेनवमीचा फोटो

विजयश्री जवळकर यांना कासारवाडीत कोणी मालकीणबाई म्हणत नाही. कामगार वहिनी म्हणतात, सासरे मारुतराव सूनबाई म्हणतात. नवरा काहीच म्हणत नाही, कारण तो जमिनीच्या व्यवहारांपायी दिवसभर बाहेर असतो आणि मशीनचा आवाज ऐकला की त्याचं डोकं दुखतं. शेत गेल्यावर मारुतरावांनी शेड टाकून धातू कातायची एक लेथ बसवली होती. लग्न होऊन आली तेव्हा विजयश्रीला लेथ कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. आज त्याच शेडमध्ये सहा मशीन आहेत आणि त्यातल्या एकीचा जरी आवाज बदलला, तरी ही बाई हातातला घास ठेवून उठते. हट्टी आहे, तोंडाने फटकळ आहे आणि तिच्या शेडमधून माणसं सहसा सोडून जात नाहीत. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा असं मला वाटतं.

चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं काम तिच्याकडे होतं. अजून बाजारात न आलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी धरून ठेवणारा ब्रॅकेट. काम मिळण्याआधी करार झाला होता: ड्रॉइंग, मापं किंवा तयार पार्ट बाहेर कोणालाही दाखवायचा नाही. विजयश्रीने ड्रॉइंग कुलपात ठेवलं, माल टेम्पोत चढवतानासुद्धा झाकून चढवला. इतकी काळजी घेऊन शेवटी माती खाल्लीच, तीही खंडेनवमीला.

जवळकरांच्या शेडमध्ये त्या दिवशी मशीनना हार घालतात आणि वर्षातलं सर्वांत नवं काम पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहतात. मारुतरावांनी पाडलेली पद्धत. यंदा सर्वांत नवं काम म्हणजे तो ब्रॅकेटच, आणि विजयश्रीने तो स्वतःच्या हातांनी पाटावर ठेवला. करार तिच्या मनातही आला नाही. देवापुढे मांडलेल्या वस्तूला कोण गुपित म्हणतं? ऑपरेटर समाधानने हौसेने फोटो काढून स्टेटसला टाकला. झेंडूच्या फुलांत ब्रॅकेट असा ठसठशीत आला होता, की त्याची भोकंसुद्धा मोजता आली असती.

दसरा उलटताच कंपनीच्या खरेदी विभागातल्या प्रीतमचा फोन आला. स्टेटस फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. समाधानला कामावरून काढा, शेडमध्ये आमचा कॅमेरा बसवा, त्याचं चित्र आम्हाला चाकणला दिसलं पाहिजे, आणि शिफ्ट सुटताना कामगारांचे फोन आमचा माणूस तपासेल. नाहीतर काम बंद. आणि निम्मी शेड त्या कंपनीच्या कामावर चालत होती.

"काढून टाक की त्याला," मारुतराव म्हणाले. "एका मानसापायी समदी शेड बंद पाडायची व्हय?"

"मामा, ब्रॅकेट पाटावर मी ठेवला."

"मंग? तुला कोन काढनार हाय?"

"तेच म्हणतेय मी," विजयश्री म्हणाली.



पिंपळे गुरवला मोनिका नावाची वकील आहे, विजयश्रीच्या ओळखीची. गोड बोलून पक्षकाराला खूश करणं तिला जमत नाही. "वहिनी, करार तुम्ही मोडलात, यात वाद नाही," तिने सुरुवातच अशी केली. "नुकसान झालं असं त्यांनी दाखवलं, तर भरपाई मागतील. पण माणूस काढा आणि त्याचा फोन उघडा, हे या करारात कुठेच नाही. समाधानचा फोन खाजगी आहे. तो तपासायला ते काय पोलीस आहेत?"

"मग कोर्टात जाऊ?"

"खुशाल जा. तुमची बाजू लंगडी नाही. पण निकाल येईपर्यंत शेड चालवायची कशी, ते मला विचारू नका."

घरी परतताना विजयश्री शेडमध्ये शिरली आणि कॅमेरा लावायचा तर कुठे लागेल, म्हणून उगाच वर बघू लागली. कोपऱ्यातून सगळ्याच मशीन दिसत होत्या. म्हणजे पलीकडच्या दोन मशीनवर चाललेलं दुसऱ्या गिऱ्हाइकांचं कामही दिसणार. त्यांच्याशीही असेच करार होते! एकाचं गुपित राखण्यासाठी दुसऱ्याचं उघडं करायचं, हा कुठला न्याय? इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली. आता आपण चाकणला जायचं, असं तिने ठरवूनच टाकलं.

समाधानला तिने सोबत घेतलं. कंपनीच्या गेटवर दोघांच्या फोनच्या कॅमेऱ्यांना स्टिकर लागले. समाधानला आत सोडलं नाही, तो गेटजवळच्या बाकावर बसून राहिला. आत प्रीतम होता आणि त्याचे वरिष्ठ लक्ष्मणराव.

"चूक झाली," विजयश्री बसता बसताच म्हणाली. "ब्रॅकेट मी मांडला, फोटो समाधानने काढला. फोटो लगेच पुसलाय. यापुढे शिफ्टमध्ये माझ्यासकट सगळ्यांचे फोन दाराशी कपाटात राहतील. पण ते उघडून बघायला मिळणार नाहीत. समाधान कामावर राहील. आणि कॅमेरा लागणार नाही, कारण त्यात दुसऱ्यांचं काम तुम्हाला दिसेल."

"दुसऱ्यांचं म्हणजे कोणाचं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही, साहेब."

"मॅडम, तुम्ही इथे माफी मागायला आलाय," प्रीतम चढ्या आवाजात म्हणाला. "साहेब विचारतायत तर सांगा ना. आमच्या स्पर्धकाचं काम असेल तर?"

"तरी नाही. आणि उद्या त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं, तर त्यांनाही हेच उत्तर मिळेल."

प्रीतम साहेबांकडे बघू लागला. लक्ष्मणराव मात्र तिच्याकडेच बघत होते. मग त्यांनी चहा मागवला. कॅमेऱ्याचा आग्रह त्यांनी सोडला, फोनतपासणीचाही. समाधानचं नाव त्यांनी काढलंच नाही. फक्त, नव्या मॉडेलची कामं वर्षभर तिच्याकडे येणार नव्हती. ते तिला लागलं. पण तिने घासाघीस केली नाही. चूक झाली होती, तिची किंमत द्यायची होती.

ती गेटवर आली तसा समाधान बाकावरून उठला. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, मी गावी वडलांना, बापूंना फोन करून सांगितलंय, सगळेच गावाकडं येतोय म्हणून. बायकोनं सामान बांधायला घेतलंय."

"कोणाला विचारून रे?" विजयश्री एवढ्या जोरात ओरडली की गेटवरचा गार्ड वळून बघायला लागला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. "लाव परत फोन. माझ्यासमोर लाव."

त्याने फोन लावला. पलीकडून हॅलो आलं. विजयश्रीने फोन त्याच्या हातातून घेतला.

"नमस्कार बापू, मी शेडमधली वहिनी बोलतेय. समाधान येत नाहीये. मला तो इथे लागतो."