इस्त्रीचे शर्ट

अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो, तेव्हा तिनं एका संग्रहालयात नेलं. तिथे दीडशे वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. परदेशातून आलेल्या चिनी धोब्याचं दुकान जमाव फोडतो आहे, आणि कडेनं एक गृहस्थ स्वतःचे कपडे काखेत मारून निघाला आहे.

"बाबा, याची हुशारी बघा!" लेक हसली. मला हसता येईना.

शहरं बदलतात, तो गृहस्थ प्रत्येक जमावाच्या कडेला असतोच. दगड तो मारत नाही. त्याला फक्त आधी कळलेलं असतं.

आमच्या कोपऱ्यावर बिहारहून आलेला रामसुख इस्त्री करायचा. बाहेरच्यांना उद्या हाकलणार, हे मला एका सकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी जमावानं त्याची टपरी जाळली, उजवा हात मोडला. पण हे कळलं त्याच संध्याकाळी मी माझे शर्ट आणायला गेलो होतो.

"साहेब, उद्या घरी आणून देतो की."

"लग्नाला जायचंय," मी खोटं बोललो.

जेवण बाजूला सारून त्यानं शर्ट करून दिले. मग हळूच विचारलं, "लोक काहीबाही बोलतात, साहेब. उद्या दुकान उघडू ना?"

नको म्हणालो असतो, तर माझी घाई कसली होती ते त्याला कळलं असतं.

"उघड की," मी म्हणालो.