टाइमरवर फिरणारा ग्रह

अंटार्क्टिकावरून मेसेज आला तेव्हा मी नांदेडला नसरीनच्या सत्काराच्या मांडवात होतो. मी तो दोनदा वाचला.

मी मूळचा लातूरचा, दुर्बिणींचा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. आमची दुर्बीण ध्रुवाजवळच्या बर्फात आहे, डेटा आम्ही इकडं बसून बघतो. ती इन्फ्रारेड बघते, म्हणजे डोळ्याला न दिसणारी उष्णता. तिथली हवा थंड आणि कोरडी, त्यामुळे तिची लुडबूड कमी. दूरच्या ताऱ्यापुढून ग्रह गेला की तारा किंचित फिका पडतो. त्याला आम्ही डिप म्हणतो. असे ठरावीक वेळाने येणारे डिप नसरीननं शोधले होते. ती नांदेडच्या एका टेलरची पोरगी, आमच्याकडं फेलोशिपवर.

शोधनिबंध तपासून यायच्या आधीच आमच्या प्रोजेक्टप्रमुख सरांनी बातमीदारांना सांगून टाकलं. मग काय, गल्लीनं फ्लेक्स लावले.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. दुर्बिणीच्या काचेवर हिम साचू नये म्हणून हीटर असतो, तो टाइमरवर चालतो. त्याची तार काचेच्या एका कडेला, आणि हा तारा नेमका त्याच बाजूला. तार तापली की तिच्या उष्णतेपुढं तारा फिका वाटू शकतो. सरांना म्हटलं, तपासून घेऊ. ते म्हणाले, आता उगीच खोडा घालू नका. मी परस्पर तिथल्या ऑपरेटरला टाइमर पुढं सरकवायला सांगितलं. मेसेज त्याचाच होता. डिपही तेवढाच पुढं सरकला होता. ग्रह काही आमच्या टाइमरवर फिरत नसतो.

सत्काराला आलेले सर आणि नसरीन, दोघांना मांडवामागं नेऊन सांगितलं. सर म्हणाले, "आज शाल घेऊ दे तिला. खुलासा नंतर करू."

नसरीननं माझ्याकडं बघितलं. "काका, पक्कं हाय?"

"हाव."

ती सरळ माइकवर गेली. "ग्रह सापडला न्हाई. ती आमच्याच हीटरची उष्णता हाय. चूक माझी बी हाय. शाल नको मला."

पहिल्या रांगेत तिचे अब्बा उठून उभे राहिले. त्यांना काही उमजेना. मागच्यांना वाटलं, पोरगी संकोचून राहिली, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून मला रडू फुटलं.

शोधनिबंध मागं घेतला. फेलोशिप वाढवायची वेळ आली तेव्हा सरांनी शेरा मारला, घाईनं निष्कर्ष काढते. घाई कुणाची होती? मी लई भांडलो, उपयोग शून्य. नसरीन आता लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सरांना नवा प्रोजेक्ट मिळालाय.

हल्ली नवा डिप दिसला की आम्ही सगळ्यात आधी हीटर बंद करून बघतो. एका बटणाचं काम आहे. तेव्हा कुणाला सवड नव्हती.