कोऱ्या पुस्तकांचं कपाट

मी भित्री बाई आहे, आधीच सांगून टाकते. विंचवाला भीत नाही, भांडणाला तर मुळीच नाही. पण जळगावहून तपासणीला साहेब येणार म्हटलं की मी रात्री उठून कपाटं पुसत बसते.

चोपड्याजवळच्या आमच्या गावातलं वाचनालय मी सांभाळते. 'ड' वर्गातलं, म्हणजे सरकारी यादीतली शेवटची पायरी. तिथून घसरलं की मान्यता जाते, अनुदान बंद होतं आणि दाराला कुलूप लागतं. ग्रामपंचायतीच्या त्या खोलीवर एका खतवाल्याचा डोळा होताच.

त्या वर्षी अनुदानातून मुलांची पुस्तकं आली, रंगीत, नवी कोरी. मी ती काचेच्या कपाटात कुलूपबंद केली. कारण काय, तर चीक. आमच्याकडची अर्धी मुलं आईबापांबरोबर केळीच्या मळ्यात जातात, आणि केळीच्या चिकाचा काळा डाग एकदा पडला की जन्मात निघत नाही. डागाळलेली पुस्तकं साहेबांनी पाहिली तर? एकदाची तपासणी होऊ दे, मग मुलांना देईन, असं म्हणत राहिले. तपासणी पुढे पुढे जात राहिली.

सहावीतली एक पोरगी रोज शाळा सुटली की यायची आणि काचेला नाक लावून उभी राहायची. होडीत बसलेल्या हत्तीचं एक पुस्तक तिच्या मनात भरलं होतं. एकदा मी तिच्यावर खेकसले, आधी हात बघ तुझे कसे काळे झालेत ते. तिनं हात पाठीमागे लपवले. पण यायची थांबली नाही.

मग निरोप आला, तपासणी परवा. आमचे अध्यक्ष, ज्यांना सारं गाव आबा म्हणतं, ते धापा टाकतच आले. मुलांचं देवघेवीचं रजिस्टर कोरं होतं. वाचायला द्यायची नव्हती तर पुस्तकं घेतली कशाला, असं साहेब विचारणारच. आबा म्हणाले, भरून टाक, कोण बघतं. मी दुपारभर बसून मुलांची नावं लिहिली, पुस्तक दिल्याच्या तारखा टाकल्या, परत आल्याच्या टाकल्या. मधूनमधून पेनसुद्धा बदलला. एवढी हुशारी दहावीला दाखवली असती तर आज मीच साहेब झाले असते!

साहेब आले. चहा नको म्हणाले, तिथेच माझा धीर सुटला. त्यांनी रजिस्टर चाळलं, कपाट उघडायला लावलं आणि नेमकं हत्तीचंच पुस्तक बाहेर काढलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मग रजिस्टरात बोट ठेवून त्यांनी एक नाव वाचलं आणि ही मुलगी कुठे राहते, असं विचारलं. काचेला नाक लावणारी तीच पोरगी दारात उभी होती. आबा छताकडे बघू लागले.

"हे वाचलंस ना तू? काय गोष्ट आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला दिलंच नाही, एवढंच तिनं म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. टेबलाचा कोपरा घट्ट धरून मी उभी राहिले.

मग ती हळूहळू बोलायला लागली. हत्तीला नदीपलीकडे आईकडे जायचं होतं. होडी बुडेल म्हणून नावाडी त्याला घेईना. हत्तीनं शब्द दिला, मी हलणारच नाही. नाकावर माशी बसली तरी त्यानं कान हलवला नाही, आणि तो पोचला.

साहेब हसले. पुस्तक त्यांनीही वाचलेलं नव्हतं, देवाची कृपा. चांगला शेरा लिहून ते गेले आणि आबा त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. मी खुर्चीत कोसळले. वाचलो, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळानं पाहते तर पोरगी समोर. नळावर जाऊन हात धुऊन आली होती. ते ओले हात तिनं उलटेपालटे करून मला दाखवले.

"ताई, आते ते पुस्तक माले देशी ना?"

मी पुस्तक काढलं आणि नोंद करायला रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे ते पुस्तक दिल्याची तारीख होती, परत आल्याचीही होती. दोन्ही माझ्याच अक्षरात. खालच्या ओळीत मी पुन्हा तिचं नाव लिहिलं आणि त्या दिवशीची तारीख टाकली; त्या पानावरची तेवढी एकच नोंद खरी आहे.