आत्याबाईंची मशेरी

आमच्या आळीत माझ्या हातच्या मशेरीचं नाव होतं. भाकरी माझी कडेला चिरायची, कालवण कधी खारट तर कधी अळणी, पण मशेरी भाजावी तर हिनंच, असं बायका तोंडावर म्हणत आणि मी फुगत असे. चांगला काळा तंबाखू तव्यावर टाकायचा, जाळ मंद ठेवायचा आणि उलथण्यानं हलवत राहायचं. पान काळं झालं पाहिजे, पण त्याची राख होता कामा नये. मग गार करून हातानं चुरायचं आणि पातळ फडक्यातून चाळायचं. भाजताना असा ठसका उठे की गोठ्यातली म्हैससुद्धा शिंकायची. ही विद्या मला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी दिली. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला आधी मशेरी शिकवली, भाकरीचं नंतर बघितलं. भाकरी का चिरते, त्याचं कारण मी अजून तेच सांगते.

आम्ही धनगर. आत्याबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. चालता चालता भाकरी मिळेल तेव्हा मिळायची, पण मशेरीचं बोट दातांवर फिरवलं की भूक मरायची. पुढं मेंढरं विकून तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं थोडी जिरायत घेतली, घर बांधलं. मेंढरं गेली, मशेरी राहिली. सकाळी ओट्यावर उकिडवं बसायचं, डबीत बोट बुडवायचं आणि दात घासत आळीभरच्या भानगडी ऐकायच्या. शेजारणी आपापल्या घरी मशेरी असूनही आमच्याकडं यायच्या.

माझ्याकडं आधी नुसतं भाजायचं काम होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि आत्याबाई खडी फोडायला जायचो. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की त्या कनवटीची डबी काढून पुढं करायच्या. "घे. भूक लागत न्हाई," म्हणायच्या. मी घेतली. दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, माझं बोट काही डबीतून निघालं नाही. मशेरी लावल्याशिवाय परसाकडंही होईना. यात हसण्यासारखं काही नाही, आळीतल्या निम्म्या बायकांचं तेच होतं.

दुष्काळानंतर काही वर्षांनी आत्याबाईंचं तोंड आलं. तोंड सगळ्यांचंच येतं, चार दिवसांत जातं. यांचं गेलं नाही. आधी त्यांनी ठेचा सोडला, मग कालवण सोडलं, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. डाव्या गालात आतून दुखायचं. दाढ दुखली, हिरडी सुजली, की आमच्याकडं औषध एकच. मशेरीची चिमूट दुखऱ्या जागी दाबून धरायची. त्यांनी तेच केलं. जास्त काळी भाजली की जास्त गुण येतो असं त्यांना वाटे, म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळी, जास्त भाजलेली करून द्यायला लागले. सुनेनं सासूची सेवा करावी तशी मनापासून केली मी ती. आज आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

शिरूरच्या डॉक्टरला दाखवू म्हटलं तर त्या ऐकेनात. "परक्या बाप्यापुढं तोंड वासायचं? लाज न्हाई का मला?" म्हणायच्या. मोठ्या माणसापुढं, परक्या पुरुषापुढं बाईनं तोंड उघडं टाकून बसायचं नाही, अशीच रीत होती. हसायचं तेसुद्धा पदर लावून. त्यामुळं आत काय झालंय ते घरात कुणीच बघितलं नव्हतं. वास मात्र यायला लागला होता. शेजारणी सकाळच्या यायच्या बंद झाल्या. मी आत्याबाईंचं ताट आधी चुलीजवळून जरा बाजूला सरकवलं, मग दाराजवळ नेलं. "हितं वारं लागतंय, बरं वाटंल तुम्हाला," असं म्हणाले. त्या उठून तिथं जाऊन बसल्या. वास मला सहन होत नव्हता हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही माहीत होतं.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. गावात सरकारी जीप आली म्हणजे नसबंदीलाच आली, असं सगळे धरून चालत. धुरळा दिसला की बाप्ये जोंधळ्यात पळत. जोंधळा तेव्हा पुरुषभर उंच होता, म्हणून बरं. एकदा सकाळी अशीच जीप आली. हे, म्हणजे आमचे मालक, तांब्या टाकून पळाले आणि घरात आम्ही दोघी सासवा-सुना उरलो. जीपमधून उतरलेली एक नर्सबाई सरळ आमच्या ओट्यावर आली. मी म्हटलं, "घरात कुणी न्हाई."

"मी त्यासाठी नाही थांबले," ती म्हणाली. तिचं लक्ष आत्याबाईंकडं होतं. त्यांनी डाव्या गालावर पदर दाबून धरला होता. "आजी, तोंडाला काय झालंय?"

"तोंड आलंय."

"बघू बरं. मी बाईमाणूस आहे, माझ्यापुढं कसली लाज? इकडं उंबऱ्यात या, उजेडात."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग उंबऱ्यात बसल्या आणि आमच्या घरात पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं. पुरतं उघडतही नव्हतं. नर्सबाईनं बोट घालून गाल बाहेर ओढला. मी वाकून बघितलं आणि मागं सरले. आत फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी वाढलं होतं.

"यावर काय लावता?" नर्सबाईनं विचारलं.

मला वाटलं, आता आपण केलेली सेवा कुणीतरी बघेल. मी घरात जाऊन डबी आणली आणि उघडून तिच्यापुढं धरली. म्हटलं, "मशेरी. माझ्या हातची हाय. घरात चाळलेली."

तिनं डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ती रागावली असती तर मी तिच्याशी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "याच्यानंच होतं हे. ही टाकून द्या. आणि यांना मुंबईला न्या, कॅन्सरच्या दवाखान्यात. तिथं गरिबालाही बघतात. उशीर करू नका." मी डबीचं झाकण लावायला गेले, ते काही केल्या लागेना.

उन्हं कलल्यावर हे जोंधळ्यातून आले, हातापायावर पात्यांचे ओरखाडे घेऊन. मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "मुंबई? येडी का काय तू? हितं घावलो न्हाई, म्हणून तिकडं बलवत्यात. आईचं निमित्त. तिकडं गेलो की मला आधी टेबलावर घेत्याल."

आज हे सांगितलं की लोक हसतात. तेव्हा कुणी हसलं नाही. आळीतल्या बाप्यांनी माना डोलावल्या, त्यांना ते पटलं. दवाखान्याची गाडी गावात येते ती माणसं धरायला, हेच आम्ही बघितलं होतं. बरं करायला कधी आलेली बघितली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही ते जरा पटलं. मुंबईला जायचं म्हणजे कुठं उतरायचं, कुणाला विचारायचं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? जोंधळा निसवला, कणसात दाणे भरले, काढणी झाली, खळं झालं. तोवर आत्याबाईंना आंबिलसुद्धा गिळेना. एक दिवस त्यांनी वाटी खाली ठेवली आणि ओरडून रडावं तशा रडायला लागल्या, पण तोंड उघडत नव्हतं म्हणून नुसती मान हलत होती. ते मात्र माझ्यानं बघवलं नाही. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही बसा जोंधळ्यात. मी नेते त्यांला." जोंधळा तेव्हा काढून झाला होता, पण म्हणायचं ते मी म्हटलं. मग गडी गुमान दौंडपर्यंत आला आणि आमच्याबरोबर मुंबईच्या गाडीतही बसला.

दवाखान्यात कुणी ह्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. बाकावर कुठल्या कुठल्या मुलखातल्या बाया बसल्या होत्या, बोली निराळी, लुगडं नेसायची तऱ्हा निराळी, पण पदर सगळ्यांचा एकाच ठिकाणी दाबलेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जबड्याचा थोडा भाग आणि गाल काढावा लागेल, मग लाईटचा शेक द्यावा लागेल. "जोंधळा उभा होता तेव्हा आणलं असतं तर?" असं ह्यांनी विचारलं. डॉक्टरांना जोंधळ्याचं काय कळणार? महिने सांगितल्यावर ते म्हणाले, "तर गाल बहुतेक राहिला असता." हे खाली मान घालून कितीतरी वेळ आपल्या वहाणांकडं बघत बसले.

आणि मी? आत्याबाईंना आत नेल्यावर मी मोरीत गेले, कनवटीची डबी काढली आणि मशेरी लावली. घरातली डबी मी त्यांच्यादेखत विहिरीत टाकली होती. ही दुसरी होती. मनाला सांगितलं, डोकं दुखतंय, एवढी एकदाच. तिथल्या भिंतीवर तोंडाच्या रोगाची चित्रं लावली होती. त्यांच्याकडं पाठ करून मी दात घासले.

आत्याबाई वाचल्या. त्यांचा चेहरा एका बाजूनं आत ओढला गेला, लाळ गळायची, बोलणं असं झालं की माझ्याशिवाय कुणाला कळेना. मी बोलून दाखवायचे तेव्हा लोकांना समजायचं. लोकांना वाटलं, आता म्हातारी कोपऱ्यात बसेल. ती उलटीच निघाली. सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हाक मारायची आणि स्वतःचं तोंड वासून दाखवायची, म्हणजे तूही उघड. ज्यांनी वासानं येणं सोडलं होतं त्यासुद्धा आल्या. पाटलाच्या सुनेच्या हिरडीवरचा फोड आत्याबाईंनीच बघितला आणि तिला दौंडच्या डॉक्टरकडं पाठवलं.

मला या सगळ्याची लाज वाटायची. घरात ठीक आहे, पण एकदा तळेगावच्या बाजारात त्या तंबाखूवाल्यापुढं उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी पदर काढला. गिऱ्हाईक बायका ओरडून मागं सरल्या. त्या काहीतरी सांगत होत्या आणि मला शोधत होत्या, मी ते लोकांना सांगावं म्हणून. मी चार पावलं बाजूला सरकून मिरच्या निवडायला लागले. मिरच्या घरात होत्या. मिरचीवालीनं विचारलं, "कोन गं ती? तुझी सासू का?"

मी म्हणाले, "न्हाई. आमच्या गावच्या हायत."

येताना आत्याबाई एसटीत माझ्याशेजारीच बसल्या. लाळ पुसायला मी त्यांना फडकं दिलं, एवढंच. त्यांनी ऐकलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. त्या सगळ्या आळीची तोंडं बघायच्या, माझं कधी बघत नव्हत्या, आणि मला वाटायचं, आपण सुटलो. मशेरी माझी सुटली नव्हती, ती दुसरी डबी मी गोठ्याच्या भिंतीत, एका सुट्या दगडामागं ठेवत असे. एका सकाळी मी शेण काढून आले, तर त्या उंबऱ्यात, नर्सबाईनं त्यांना बसवलं होतं तिथंच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आता तू."

मी म्हटलं, "सासूपुढं तोंड वासायचं? लाज न्हाई का मला?" बोलून गेले आणि ते कुणाचे शब्द होते ते आठवलं. शेवटी मी बसले आणि तोंड उघडलं. त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं, परत मागं गेलं. तिथं मला काही दुखत नव्हतं.

त्यांनी बोट काढलं, लुगड्याला पुसलं, आणि दुसऱ्या हातातली डबी माझ्यापुढं ठेवली. "रोज दगड हलतुया," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपसूक टाकचील." मग त्या रडल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गालात पांढरा चट्टा होता. मशेरी सुटल्यावर तो हळूहळू गेला, म्हणून हे लिहायला मी आहे. पण दौंडला डॉक्टरकडं जायला निघालो त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. एसटीत त्या उघड्या चेहऱ्यानं खिडकीशी बसल्या होत्या आणि माझा गाल धडधाकट असून मी त्यावर पदर दाबून बसले होते.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, परत काही त्रास व्हायला लागला का?" आत्याबाईंनी मान हलवली. माझ्या तोंडावरचा पदर स्वतःच्या हातानं खाली ओढला, मला पुढं केलं आणि काहीतरी बोलल्या. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मला कळलं होतं. तोंड उघडायला मला वेळ लागला.

"म्हणत्यात," मी म्हणाले, "ही माझी सून हाय."