परब काकांचा मिलिमीटर

कोणी ‘काका, जरा सरका ना’ म्हटलं, की परब काका जागचे न हलता विचारायचे, “जरा म्हणजे किती?” समोरचा गोंधळायचा आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी अंतर दाखवायचा. काका त्या मोकळ्या हवेकडे तुच्छतेने बघायचे. “हां. म्हणजे तुलाच माहीत नाय.” मग सरकायचे, पण सांगणाऱ्याला हवं असेल त्याहून थोडं कमीच.

चारकोपच्या एका सेक्टरमध्ये आमची बैठ्या घरांची सोसायटी आहे. परब काकांची आणि आमची भिंत एकच. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून, माप चुकलेल्या मालाचे लॉट परत पाठवण्यात काढली. दुसऱ्याचं काम चुकलंय हे सांगण्याचा ज्याला पगार मिळतो, तो माणूस निवृत्त झाला की तेच काम फुकटात करू लागतो. काकांनी ते आमच्या गल्लीत केलं. गेल्या वर्षी ते वारले तेव्हा शोकसभेत नाईक भाऊंनी त्यांना ‘प्रेमळ आणि मनमिळाऊ’ म्हटलं. काका असते तर भाऊंना खाली बसवून त्यांनी दोन्ही शब्द परत घ्यायला लावले असते. मनमिळाऊ तर ते मुळीच नव्हते. प्रेमळपणाबद्दल मला जे माहीत आहे ते सोसायटीत कोणालाच माहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

काकांचा मोठा वैरी म्हणजे इंच. तसे ते मुंबईचं मराठी बोलायचे, पण इंचाचा विषय निघाला की सगळं मालवण जिभेवर यायचं. “इंच म्हंजे काय गो? अंगठ्याची जाडी. कोणाचो अंगठो? फूट म्हंजे पाय. खंयच्या राजाचो पाय? तो मेलो, त्याचो पाय गेलो, आणि हे मेले अजून त्याच्या पायान चालतत.” मला शाळेत असल्यापासून हे पाठ होतं.

पण त्यांचं चुकत नव्हतं. आपण सगळे किती बावळट आहोत हे एकदा लक्षात आलं की मग दिसतच राहतं. कापड मीटरवर घ्यायचं आणि शिवायला टाकताना मापं इंचात द्यायची. वजन किलोत, उंची फुटात. घराच्या करारात चौरस मीटर छापलेले असतात, पण गल्लीत कोणाला विचारा, ‘तीनशे स्क्वेअर फूट’ हेच उत्तर मिळेल. आणि प्लायवूडचं तर विचारूच नका. लांबी-रुंदी आठ बाय चार फूट, जाडी एकोणीस मिलिमीटर. प्लायच्या दुकानासमोरून जाताना काका दर वेळी थांबून म्हणायचे, “एका फळीक दोन बापूस!” दुकानदार बिचारा नमस्कार करायचा.

नाईकांकडे नवीन कपाट आलं त्या दिवशीची गोष्ट. भाऊंनी दरवाजा ‘साधारण अडीच फूट’ म्हणून सुताराला सांगितला होता. सुताराने त्यातून ‘दोन सूत’ सोडले होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे काकांच्या मते मोजमाप नसून शिवी होती. कपाट दरवाज्यात अडकलं ते ना आत जाईना ना बाहेर येईना. घरात नाईक वहिनी, बाहेर भाऊ, मधे कपाट. काका चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले. “साधारण कपाट आहे ना, भाऊ? मग साधारण आत घाला.” मदतीला हात लावला नाही. शेवटी चौकट काढावी लागली, तेव्हा मात्र स्वतःच्या घरून पट्टी आणून नवी चौकट त्यांनीच मोजून दिली, आणि मोजताना भाऊंना एकदा नाही, तीनदा माप वाचून दाखवलं. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला होता. शहाणा माणूस असा लोकांची फजिती चाखत उभा राहतो, हे मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही.

त्यांना गप्प करणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे काकू. तिच्या स्वयंपाकघरात मूठ, चिमूट आणि ‘हाताला कळतं’ यापलीकडे माप नव्हतं. काकांनी एकदा तिला मसाल्यासाठी वजनकाटा आणून दिला. तिने त्यावर लसणाची टोपली ठेवली आणि म्हणाली, “चाळीस वर्षं माझ्या अंदाजावर जेवताय. एक दिवस तरी लॉट परत पाठवलात?” काका कालवणात भात कालवू लागले.

मी विशीत असताना पोलीस भरती निघाली. माझे पप्पा वाशिमकडचे. वांद्र्याला एका मोठ्या ऑफिसात ते साफसफाईवाल्यांचे सुपरवायझर होते. दिवसभर गणवेशातली माणसं त्यांना अडवायची, पास दाखवायला लावायची. आपली मुलगी गणवेशात असावी, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण भरतीचा फॉर्म भरला त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मुलींना उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर हवी होती. मम्मी ब्लाउज शिवते. तिच्या टेपने पप्पांनी मला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. पाच फूट एक इंच. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीचे सर म्हणाले, “पाच एक ना? मग बिनधास्त. पाच एक म्हणजेच एकशे पंचावन्न.”

हे मी काकांना सांगायला गेले ही माझी चूक.

“पाच एक म्हणजे किती?”

“एकशे पंचावन्न.”

“कोण म्हणालं?” त्यांनी कागद घेतला, गुणाकार केला आणि माझ्यासमोर सरकवला. “पंधराशे एकोणपन्नास पूर्णांक चार. तुला हवेत पंधराशे पन्नास. सहा दशांश कमी.”

पप्पा मागून आले होते. ते हसले. “काका, सहा दशांश मिलिमीटर! नखाएवढं पण नाही. कोण बघतंय एवढं?”

“मी बघतो,” काका म्हणाले. “सहा दशांशावर मी अख्खा लॉट परत पाठवायचो. आणि ही तुझी शिंप्याची टेप. ताणली तर पाच एक, सोडली तर पाच दोन. ही मोजत नाय, ही तोंडदेखलं बोलते.”

त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतःच्या घरात भिंतीला उभं केलं. डोक्यावर गुण्या ठेवला, म्हणजे गवंडी काटकोन बघायला वापरतो तो. भिंतीवर खूण केली आणि पोलादी पट्टीने मोजली. पंधराशे सेहेचाळीस. म्हणजे सहा दशांश वगैरे लांबच, मी चार मिलिमीटर कमी होते. मला रडू फुटणार होतं. काकांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणाले, “उद्या उठल्या उठल्या ये. दात घासायला पण थांबू नको.”

सकाळी मोजलं तर पंधराशे सत्तावन्न. काका गुण्या हातात धरून उभेच राहिले. आयुष्यभर त्यांनी मोजलेली वस्तू गरम झाली की वाढायची आणि थंड झाली की मूळ मापावर यायची. झोपून वाढणारी वस्तू त्यांना भेटली नव्हती. “अगो, इकडे ये,” त्यांनी काकूला हाक मारली, “ही पोर रात्रीत अकरा मिलिमीटर वाढली.” काकू आतून म्हणाली, “पोरी वाढतातच.”

मग पुढचे पंधरा दिवस काकांना दुसरा उद्योग नव्हता. मी उठल्यावर, तासाभराने, दुपारी, धावून आल्यावर, त्यांनी मला मोजलं. उठल्यापासून दोन तासांत मी पन्नासच्या खाली यायचे. एका रविवारी भर दुपारी, सकाळपासून उभी ठेवून, त्यांनी मला वीस मिनिटं लादीवर आडवं पाडलं आणि उठवून लगेच मोजलं. “पंधराशे बावन्न,” ते म्हणाले. मला ते लिहायला लावलं, आणि मोठ्याने सांगितलं, “हे तुझं औषध. ग्राउंडवर रांगेत उभं राहायचं नाय. बसायचं पण नाय. आडवं पडायचं. तुझा नंबर येईपर्यंत आडवं. आणि मोजायला बोलावलं की उठायचं.” त्यांनी मला एक चटई दिली, गुंडाळून, सुतळीने बांधून.

भरतीच्या दिवशी पहाटे ते आणि पप्पा मला गेटपर्यंत सोडायला आले. गेटच्या आत फक्त उमेदवार. काका गेटवरून एवढंच म्हणाले, “आडवी पड.”

आत दीड-दोनशे मुली होत्या. अकॅडमीतल्या माझ्या ओळखीच्या आठ-दहा. चटई बघून एक म्हणाली, “काय गं, पिकनिकला आलीस काय?” दुसरी म्हणाली, “झोपायचंय का यार तुला? चहा पण सांगू?” सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. मग मी ती चटई कंपाउंडच्या भिंतीशी बॅगेखाली सरकवली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले. माझे कागद तपासून झाले, पुन्हा उभी राहिले. चार तासांहून जास्त मी उभी होते. कोणी तरी आपल्याला येडी म्हणेल, एवढ्यासाठी. साडेअकराला माझा नंबर आला.

“एकशे चोपन्न पॉइंट सहा,” मोजणाऱ्या पोलीसबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजलं, नीट मोजलं, माझी टाच स्वतः भिंतीला लावून मोजलं. तेवढंच.

घरी आले तेव्हा गल्ली दारात होती. पप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना. माझा चेहरा बघूनच कळलं, तरी नाईक भाऊंनी विचारलंच. उंचीत गेले, मी म्हटलं. “उंचीत? अरेच्चा, मग घरी नीट मोजलं नव्हतं काय?” भाऊ म्हणाले. वाईट मनाने नाही म्हणाले, पण आमच्या गल्लीत चांगल्या मनानेच जास्त वाट लागते. पप्पा आमच्या दाराच्या चौकटीकडे बघत होते. तिथे पेन्सिलची त्यांची खूण होती. “मीच चुकीचं मोजलं काय गं?” त्यांनी मला विचारलं. सगळ्यांसमोर. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, आणि अजून माझी मलाच किळस येते, कारण मी उत्तर दिलं नाही.

परब काका बनियनवर बाहेर आले. “काय चुकीचं मोजलंस? पोरगी पाच फूट एक इंच आसा. पुरी आसा. मी मोजलंय.” ते दोन पावलं पुढे आले. “त्यांची पट्टी खराब असतली. सरकारी पट्टी, कोण तपासता?” आणि भाऊंकडे वळून, “तुम्ही कपाटं मोजा.”

काकांच्या तोंडून फूट आणि इंच स्वतःचे म्हणून निघाले, असं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. पण परबांनी मोजलंय म्हटल्यावर गल्लीत वाद संपायचा. भाऊ मान डोलावत म्हणाले, “हां, सरकारी काम, काय सांगता येत नाही.” पप्पांचे खांदे सरळ झाले. ते आत गेले आणि मम्मीला म्हणाले, “पोरगी बरोबरच होती. पट्टी खराब होती.”

थोड्या वेळाने मी काकांकडे गेले. ते खुर्चीत बसले होते. मी दारातूनच म्हटलं, “काका, तुम्ही खोटं बोललात.”

“मग?” ते म्हणाले. “ती इंचातली माणसां. त्यांका इंचात सांगितलंय. तुका मिलिमीटरात सांगतंय. किती भरलीस?”

“पंधराशे सेहेचाळीस.”

“चार कमी. बापाने चुकीचं मोजलं नाय, पट्टी पण खराब नाय. कमी ते कमी.” मग विचारलं, “आडवी पडलेलीस?”

मी नकारार्थी मान हलवली. लाज वाटली, म्हटलं. मुली हसल्या.

आता ते मला सोलून काढतील, अशी माझी तयारी होती. मला ते हवंही होतं. काकांनी हातातली पोलादी पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “पडली असतीस तरी कमीच भरली असतीस. इतके तास उभं राहिल्यावर पडून काय होत नाय. मी हिशेब केलाय. ते डोक्यातून काढ.”

सकाळपासून उभं राहून मग वीस मिनिटं पडल्यावरचा, पंधराशे बावन्न हा आकडा मी माझ्या हाताने लिहिला होता, त्यांनी उच्चारल्यावर, त्याच खोलीत. तो त्यांना आठवत नसेल हे शक्य नव्हतं.

पुढची भरती निघेपर्यंत दोन वर्षं गेली. तोवर काकांनी मला मरोळला त्यांच्याच जुन्या कारखान्यात तपासणीला लावलं होतं, आणि मी पुन्हा फॉर्म भरला नाही. आज मी तिथे दुसऱ्यांची कामं परत पाठवते. लोक मला खडूस म्हणतात, आणि मला ते आवडतं. पण त्या दुपारी, आयुष्यात एकदाच, परब काकांचं माप साफ चुकलेलं माझ्या हातात होतं. ते दाखवून द्यायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “बरं, काका,” आणि घरी आले.