शेवटच्या नळाचे काका

मंगळवार, सकाळी सात. हजर : सोसायटीची सचिव म्हणून मी, चेअरमन, शेवटच्या घरातल्या शिंदे वहिनी आणि प्रयोगशाळेतून पाण्याचे नमुने न्यायला आलेले काका. माझ्या वहीतली काकांची ही पहिली नोंद.

काका टाकीकडे बघायचेसुद्धा नाहीत. "टाकीचं पाणी चांगलंच असतं. शेवटचा नळ दाखवा," एवढंच म्हणायचे. पुण्याजवळच्या धायरीत तेव्हा शेतं जाऊन इमारती उठत होत्या, आयटीतली मंडळी फ्लॅट बघायला येत होती. चेअरमनना काळजी त्या फ्लॅटच्या भावाची. "पुढच्याच नळाचं घ्या ना काका, पाणी एकच आहे."

"अहो, आजारी तुम्ही आणि नाडी शेजाऱ्याची दाखवताय?" म्हणत काका मागच्या बाजूला निघालेही. तिथे वहिनींची मुलगी नुकतीच काविळीतून उठली होती.

त्यांची पद्धत ठरलेली. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, मग काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, नाही तर वाटेत कुठेतरी घाण मिसळतेय. पिवळं दिसल्याशिवाय ते कुणाकडे चहा घेत नसत.

त्या दिवशी पाणी लवकर गेलं. वहिनींनी घासलेल्या तांब्यातून पाणी आणून दिलं. थेंब पडले, रंग काही येईना.

"वहिनी, फिल्टरचं का?"

"मग! काविळीनंतरच घेतलाय. बाहेरच्या माणसाला काय नळाचं देऊ?"

काका हसले. "फिल्टर क्लोरीन ठेवत नाही हो. मला तुम्ही पीत नाही तेच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला पुन्हा आले. नळाचं पाणीही पिवळं झालं नाही. चेअरमननी खणायला माणसं बोलावली. खणलं तेव्हा दिसलं, बिल्डरने पाइप गटारातूनच नेला होता आणि जोड गळत होता. जोड बदलला. तरी काका पुढचे तीन मंगळवार आले. तिसऱ्यांदा नळी मुलीच्या हातात दिली. तीच ओरडली, "पिवळं!" मग काका वहिनींकडे चहाला बसले.

निवृत्त होताना थेंबांची बाटली माझ्याकडे देऊन म्हणाले, "वहीत नोंदी करता ना? मग हेही करा. आणि जोडावर विसंबू नका, पाइप बाहेर काढून घ्या."

काका जाऊन बरीच वर्षं झाली. दर मंगळवारी मी शेवटच्या नळाचं पाणी तपासते. पाइप हलवायचा ठराव तीन सभांत मंजूर झाला, तिन्ही वेळा एकमताने. पाइप गटारातच आहे. वहिनी आता नातवासाठी पाणी उकळतात.